पंधरा मतं

२००१ च्या जानेवारीत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी ५१५ मतपत्रिका मोजल्या गेल्या. त्यांतल्या १५ वर लू व्हिटेकर हे नाव होतं. नुसतं पुढच्या वर्षीच्या यादीत टिकायचं तरी २६ मतं लागत होती. ११ कमी पडली. डेट्रॉइट टायगर्ससाठी १९ मोसम सेकंड बेस, म्हणजे बॅटरला धावून गाठायच्या ठाण्यांपैकी दुसरं, सांभाळलेला माणूस पहिल्याच फेरीत बाद झाला आणि पत्रकारांच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव पुन्हा कधीच छापलं गेलं नाही.

हॉल ऑफ फेममध्ये कोण हवं, कोण नको, हा वाद सुरू झाला की पहिलं नाव निघतं विक्रमवीर बॅटर बॅरी बाँड्सचं. उत्तेजकं, सुया, कोर्टकचेरी, सगळा मसाला तिथे आहे. पण बाँड्सच्या बाजूने आणि विरुद्ध दहा वर्षं रणं माजली. निकाल कुणाला पटो न पटो, सुनावणी झाली. व्हिटेकरची सुनावणीच झाली नाही. या मतदानाची खरी खोट बघायची तर ती त्या १५ मतांत दिसते.

आपल्याकडे आयसीसीचा हॉल ऑफ फेम २००९ पासून आहे. गावसकर पहिल्याच तुकडीत होते, सचिन २०१९ मध्ये गेला. बातमी येते, दोन दिवस फोटो फिरतात, संपतं. अमेरिकेत मात्र डिसेंबर-जानेवारी म्हणजे या वादाचा हंगाम. मैदानावर बर्फ, खेळ बंद, आणि निवृत्त खेळाडूंच्या आकड्यांचा कीस पाडणं जोरात. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या चिमुकल्या गावात ओट्सेगो तळ्याकाठी ते संग्रहालय १९३९ मध्ये उघडलं. गाव का निवडलं, तर १९०७ साली एका आयोगाने निर्वाळा दिला होता की अब्नर डबलडे नावाच्या गृहस्थांनी १८३९ मध्ये बेसबॉलचा शोध इथेच लावला. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. थोडक्यात, देवळाची स्थलपुराणकथाच बनावट. पण देवळांच्या बाबतीत हे काही नवल नाही, आणि त्याने गर्दी कमी होत नाही.

आत जायची वाट अशी. खेळाडूने मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, किमान १० मोसम खेळलेलं हवं आणि निवृत्त होऊन ५ वर्षं झालेली हवीत. मग सहा जणांची चाळणी समिती. तिथे दोघांनी होकार दिला की नाव मतपत्रिकेवर येतं. मतदार म्हणजे बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे, सलग १० वर्षं सदस्य असलेले पत्रकार. प्रत्येकाला जास्तीत जास्त १० नावांवर खूण करता येते, एकही न करता कोरी पत्रिका पाठवली तरी ती मोजली जाते. ७५ टक्के मिळाले की आत. ५ टक्क्यांच्या खाली गेलं की बाहेर. मधले दरवर्षी पुन्हा रांगेत, पण १० वर्षंच. २०१४ पर्यंत ही मुदत १५ वर्षांची होती.

वाचायला सरळ वाटतं. गोम आहे ती दहाच्या मर्यादेत आणि पाच टक्क्यांच्या उंबरठ्यात. या दोन अटी एकमेकींच्या पायात पाय घालतात. २०१३ ची यादी बघा. त्या एकाच वर्षी बाँड्स, रॉजर क्लेमन्स, सॅमी सोसा, माइक पियाझा, क्रेग बिजिओ आणि कर्ट शिलिंग नव्याने दाखल झाले. ज्यांना उत्तेजकवाले चालत होते त्यांचे रकाने बाँड्स-क्लेमन्सनेच भरले, ज्यांना चालत नव्हते त्यांनी हात आखडता घेतला. त्या वर्षी पत्रकारांनी एकही खेळाडू निवडला नाही. आणि त्या धक्काबुक्कीत केनी लॉफ्टन, ६२२ चोरलेले बेस (पिचरची नजर चुकवून पळत गाठलेले) आणि ०.२९९ ची सरासरी असलेला सेंटरफील्डर, ५६९ पैकी १८ मतं घेऊन कायमचा बाद झाला. पुढच्या वर्षी निम्म्या मतदारांनी दहाच्या दहा खुणा केल्या, तरी बिजिओ दोन मतांनी राहिला. बिजिओला तिसरी संधी होती, तो २०१५ मध्ये गेला. लॉफ्टनला दुसरीही नव्हती. पंगतीत ताटं कमी असली की आधी उठवतात तो गप्प बसणाऱ्याला.

आता व्हिटेकरचं ताट नीट बघू. २००१ च्या त्याच यादीत न्यूयॉर्क यँकीजचा डॉन मॅटिंग्ली होता. दोघंही १९९५ मध्ये थांबले, दोघंही पहिल्यांदाच मतपत्रिकेवर आले. मॅटिंग्लीला १४५ मतं, व्हिटेकरला १५. मॅटिंग्लीची बॅटिंग सरासरी ०.३०७, व्हिटेकरची ०.२७६. क्रिकेटच्या सवयीने बघणाऱ्याला दशांशाची ही चिल्लर वाटेल, पण बेसबॉलमध्ये ०.३०० ही प्रतिष्ठेची रेघ आहे आणि तीस अंकांचा फरक म्हणजे तारा आणि कामगार यांच्यातला फरक, असं शंभर वर्षं मानलं गेलं.

मात्र ही सरासरी फक्त हिट मोजते, म्हणजे चेंडू मारून गाठलेला बेस. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले आणि बॅटरने मोह आवरला, तर त्याला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. सरासरीत वॉक धरतच नाहीत. व्हिटेकरने कारकिर्दीत १,१९७ वॉक घेतले, मॅटिंग्लीने ५८८. वॉक धरून बॅटर किती वेळा बेसवर पोचला हे बघितलं, म्हणजे ऑन-बेस पर्सेंटेज, तर व्हिटेकर ०.३६३, मॅटिंग्ली ०.३५८. होम रन व्हिटेकरचे २४४, मॅटिंग्लीचे २२२. म्हणजे ज्याला हलक्या हाताचा समजलं गेलं त्याने जास्त चेंडू कुंपणापार धाडले. आणि हे सेकंड बेसवर उभं राहून, जिथे बॅटिंग ही वरकमाई समजली जाते. मॅटिंग्ली होता फर्स्ट बेसवर, जिथे संघ बॅटसाठीच माणूस ठेवतात.

मॅटिंग्लीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. १९८४ ते १९८७ या चार वर्षांतली मॅटिंग्लीची बॅटिंग व्हिटेकरच्या कोणत्याही वर्षापेक्षा सरस होती. पुढे पाठीने दगा दिला. व्हिटेकरचं असं एकही झगमगतं वर्ष नाही. एमव्हीपीच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात तो पहिल्या पाचांत कधीच आला नाही. वर्षामागून वर्षं तो नुसता चांगला होता, आणि नुसतं चांगलं असणं लक्षात राहत नाही. त्यातून तो पत्रकारांशी फारसा बोलायचा नाही. लोकांच्या आठवणीत राहिला तो १९८५ च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक ताऱ्यांच्या, सामन्यात, कारण गडी गणवेशच विसरून आला. मग दुकानातली नकली जर्सी चढवून पाठीवर मार्करने १ आकडा काढला. ती जर्सी आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. जर्सी पोचली, माणूस राहिला.

अशा दोन वेगळ्या जातींच्या खेळाडूंना एका तराजूत घालायचं म्हणून ‘वॉर’ नावाचं माप आलं. लढाईशी संबंध नाही. एखाद्या बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने संघाला किती सामने जास्त जिंकून दिले, याचा तो अंदाज. बदली म्हणजे किमान पगारावर खालच्या लीगमधून उद्या उचलून आणता येईल असा कुणीही. अख्खा संघ तशांचाच भरला तर १६२ पैकी ४८ च्या आसपास सामने जिंकेल, असं धरतात. मग बॅटिंगच्या धावा, बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण असा सगळा हिशेब धावांत करायचा. मैदान आणि काळ यांची वजावट करायची. खेळण्याच्या जागेनुसार भर किंवा कात्री लावायची. फर्स्ट बेस आणि सेकंड बेस यांच्यात ती मोसमाला साधारण १२ धावांची पडते. दहा धावा म्हणजे अंदाजे एक विजय. मोसमाला २ वॉर म्हणजे कामाचा खेळाडू, ५ म्हणजे ऑल-स्टार, ८ म्हणजे एमव्हीपीचा दावेदार.

बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबाने व्हिटेकर सुमारे ७५, मॅटिंग्ली सुमारे ४२.

कारकीर्द ताणून आकडा फुगवणारेही असतात. त्यावर उतारा म्हणून जे जॅफी या लेखकाने जॉज नावाचं माप काढलं. एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात मोसमांचा वॉर, या दोहोंची सरासरी. मग ती त्याच जागेवर खेळून आधीच हॉलमध्ये गेलेल्यांशी ताडून बघायची. सेकंड बेसमनांची सरासरी ५७ च्या आसपास आहे. व्हिटेकर ५६ च्या वर. म्हणजे आत बसलेल्यांच्या ऐन मध्यावर. कुठेतरी तळाशी, ढकलून घ्यावा असा नव्हे.

वॉर हा काही वेदवाक्य नाही. क्षेत्ररक्षणाचा भाग सगळ्यात डळमळीत. आज प्रत्येक चेंडूचा वेग आणि कोन कॅमेरे टिपतात, पण व्हिटेकरच्या काळात चेंडू कुणाकडे गेला आणि पुढे काय झालं, एवढ्या नोंदींवरून अंदाज बांधावा लागतो. कॅचर चेंडू झेलताना हातमोजा किंचित आत सरकवून पंचाकडून स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू) मिळवतो, ते कसब बेसबॉल-रेफरन्सच्या आकड्यात धरलेलंच नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहे असे कॅचर कमी भरतात. पिचरांच्या बाबतीत तर दोन प्रमुख संकेतस्थळांचे हिशेबच वेगळे. एक दिलेल्या धावा मोजतं, दुसरं मुख्यतः स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक आणि होम रन. म्हणून ५५ आणि ५८ यांच्यात भांडण लावणारा आकड्यांचा भक्त असतो, जाणकार नसतो. ७५ आणि ४२ मध्ये मात्र चूकभूल देऊन-घेऊनही दरी उरतेच.

मैदानाच्या वजावटीचं बोलायचं तर लॅरी वॉकर. तो कोलोरॅडो रॉकीजकडून डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर खेळला. समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,६०० मीटर उंच, हवा विरळ. मारलेला चेंडू लांब जातो, आणि हवेचा अडसर कमी म्हणून पिचरचा कर्व्ह नीट वळत नाही. बॅटरची दोन्हीकडून चंगळ. तिथे वॉकरची सरासरी ०.३८१. ‘हा तर हवेचा पराक्रम’ असं म्हणून मतदारांनी त्याला २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांवर आणून ठेवलं. पण त्याच्या कारकिर्दीतला कूर्स फील्डचा वाटा जेमतेम ३१ टक्के. मैदान आणि काळाची वजावट करून बॅटिंगचा जो निर्देशांक काढतात, ज्यात १०० म्हणजे सरासरी, त्यात तो १४१ भरतो. हे पटायला वेळ लागला. २०१९ ला ५४.६, आणि २०२० मध्ये, शेवटच्या वर्षी, ७६.६. सहा मतांचा फरक.

वॉकर पोचला कारण पहिल्या वर्षी तो टिकला. पिचर बर्ट ब्लायलेव्हनचंही तेच. पहिल्या वर्षी १७.५ टक्के, दुसऱ्या वर्षी १४.१. आक्षेप काय, तर २८७ विजय, ३०० नाहीत. पिचरच्या नावावर विजय लागतो तो त्याच्या संघाने किती धावा केल्या त्यावरही ठरतो, ही साधी गोष्ट कित्येक वर्षं पत्रकारांच्या पचनी पडत नव्हती. २०१० मध्ये फेलिक्स हर्नांडेझला १३ विजय आणि १२ पराभवांवर साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे वारं फिरल्याचं कळलं. ब्लायलेव्हनची ३,७०१ स्ट्राइकआउट आणि ६० शटआउट (एकही धाव न देता एकट्याने पूर्ण टाकलेले सामने) मांडत काही चिकट लोक वर्षानुवर्षं लिहीत राहिले. दहाव्या वर्षी तो ४७.७ टक्क्यांवर होता आणि चौदाव्या वर्षी, २०११ मध्ये, ७९.७ घेऊन आत गेला. आजचा दहा वर्षांचा नियम तेव्हा असता तर तो अर्ध्या वाटेत संपला असता.

उलट जॅक मॉरिस. २५४ विजय, ईआरए ३.९०. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं बरं. हॉलमधल्या पिचरसाठी ३.९० जास्तच. त्याचे पाठीराखे म्हणत, तो धावफलक बघून टाकायचा, संघ पुढे असला की सैल सोडायचा. ज्यांनी त्याचे सामने एकेक करून तपासले त्यांना असं काही आढळलं नाही. राहतो १९९१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा सामना. मॉरिसने १० इनिंग एकट्याने टाकल्या, एकही धाव दिली नाही, मिनेसोटा १–० ने जिंकलं. ती रात्र अजरामर आहे, यात वादच नाही. पण एका रात्रीसाठी हॉलमध्ये फलक द्यायचा का? माझं मत नाही असंच आहे. पत्रकारांकडून राहिलेल्यांचा पुन्हा विचार करणाऱ्या समितीने मात्र त्याला घेतलं, डिसेंबर २०१७ मध्ये, व्हिटेकरचा जोडीदार ॲलन ट्रॅमल याच्यासोबत.

उत्तेजकांचा विषय टाळून चालणार नाही, पण तो लांबवण्यात हशील नाही. बाँड्सचे ७६२ होम रन, ७ एमव्हीपी. २००४ मध्ये पिचर त्याला इतके घाबरत की १२० वेळा त्याला मुद्दाम वॉक दिला. पिचर क्लेमन्सचे ३५४ विजय, ७ साय यंग. मतदानाच्या नियमांत खेळासोबत सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हे शब्द आहेत, आणि त्यांवर बोट ठेवून दोघांना २०२२ मध्ये, दहाव्या वर्षी, ६६ आणि ६५ टक्क्यांवर थांबवलं गेलं. ठीक. पण त्याच नियमाखाली चेंडूला काहीबाही फासल्याचं स्वतः कबूल करणारा गेलॉर्ड पेरी १९९१ मध्ये आत गेला. काळ्या खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला नकार देणारा कॅप ॲन्सन १९३९ पासून आत आहे. आणि ज्या आयुक्तांच्या कारकिर्दीत हे सगळं उत्तेजक प्रकरण फोफावलं ते बड सेलिग २०१७ मध्ये समारंभाने विराजमान झाले. दारूगुत्त्याचा मालक मानकरी आणि पिणाऱ्यांना गावबंदी, असा हा न्याय. सोवळं पाळायचं तर सगळ्यांना पाळा. २००४ ला दंडासह चाचण्या सुरू झाल्यानंतर जे पकडले गेले त्यांना नाही म्हणणं मला समजतं. त्याआधीच्यांचा निवाडा खेळावरच करावा लागेल. या हिशेबाने बाँड्स आणि क्लेमन्स आत हवेत.

पत्रकारांकडून राहिलेल्यांसाठी मागचं दार असतं, ते १६ जणांच्या समितीचं. हॉलमधले जुने खेळाडू, संघांचे अधिकारी, काही पत्रकार. यादीत ८ नावं, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३ मतं, निवडीला १२ हवीत. गणित मांडून बघा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. अगदी काटेकोर वाटली तरी चारच जण जातील. समसमान विखुरली तर प्रत्येकाला सहा आणि कुणीच नाही. त्यामुळे खोलीत एका नावावर आधीच एकमत झालं की बाकीच्यांसाठी उष्टंखरकटं उरतं. डिसेंबर २०२२ मध्ये फ्रेड मॅकग्रिफने १६ च्या १६ घेतली. मॅटिंग्लीला आठ मिळाली.

खोलीत कोण बसलंय यालाही महत्त्व आहे. २०१८ मध्ये हॅरल्ड बेन्स १२ मतांवर बरोबर उंबरठा ओलांडून गेला. पत्रकारांनी त्याला कधी ६.१ टक्क्यांच्या वर नेलं नव्हतं. त्या समितीत त्याचे जुने मॅनेजर टोनी ला रुसा होते आणि त्याच्या संघाचे मालक जेरी राइन्सडॉर्फही. बेन्स सज्जन माणूस, २,८६६ हिट, वॉर ३९ च्या घरात.

आणि हे दार उशिरा उघडतं. डिक ॲलन डिसेंबर २०२० मध्ये वारला. त्याच महिन्यात व्हायची समितीची बैठक कोरोनामुळे वर्षभर पुढे ढकलली होती. पुढच्या वर्षी त्याला ११ मतं पडली, एक कमी. निवड झाली डिसेंबर २०२४ मध्ये. त्याच्याबरोबर निवडलेला डेव्ह पार्कर समारंभाला महिना राहिला असताना, जून २०२५ मध्ये गेला. पीट रोझ, ४,२५६ हिटचा विक्रमवीर, सट्ट्यापायी १९८९ पासून बाहेर. सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेला आणि मे २०२५ मध्ये मृतांवरची बंदी उठली. आता डिसेंबर २०२७ मध्ये त्याचा विचार होऊ शकतो. वरातीमागून घोडं हा इथला रिवाजच झालाय.

व्हिटेकर जिवंत आहे. तो आणि ट्रॅमल ९ सप्टेंबर १९७७ ला बोस्टनमध्ये एकाच दिवशी मेजर लीगमध्ये उतरले आणि पुढे १,९१८ सामने शेजारी-शेजारी खेळले. शॉर्टस्टॉपने, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसमध्ये उभ्या ट्रॅमलने, उचललेला चेंडू सेकंड बेसवर, तिथून वळून फर्स्टवर: दोन बाद. एकाने फेकायचं, दुसऱ्याने वळवायचं. २०१८ मध्ये ट्रॅमलने कूपर्सटाउनच्या मंचावरून जाहीरपणे इच्छा बोलून दाखवली की लूही एक दिवस इथे असावा. २०१९ च्या डिसेंबरमध्ये व्हिटेकर समितीच्या यादीत आला, १६ पैकी ६ मतं मिळाली. डेट्रॉइटने २०२२ मध्ये त्याचा १ नंबर निवृत्त केला, म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. पण त्याच वर्षी समितीच्या आठ नावांत तो नव्हता. २०२५ लाही नव्हता.

२०२५ ला निवडला गेला जेफ केंट, १६ पैकी १४ मतांनी. सेकंड बेसमन. ३७७ होम रन, २००० सालचा एमव्हीपी, वॉर सुमारे ५५. त्याच बैठकीत बाँड्स आणि क्लेमन्सला प्रत्येकी पाचपेक्षा कमी मतं पडली, आणि नव्या नियमानुसार पुढच्या फेरीत त्यांची नावं घेता येणार नाहीत. म्हणजे डिसेंबर २०२८ च्या यादीत आठपैकी निदान दोन जागा रिकाम्या आहेत. व्हिटेकर तेव्हा ७१ वर्षांचा असेल.